पात्रं निघून गेल्यावर उरलेलं चित्र : ॲनिमेशनपटांच्या बॅकग्राउंडचे लिमिटेड प्रिंट पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

माझ्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक रस्ता टांगलाय. पाऊस नुकताच थांबलेला, दोन्ही बाजूंची दुकानं बंद, खांबावरच्या दिव्याचा पिवळा उजेड डांबरावर सांडलेला. घरी आलेला पाहुणा चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि थोड्या वेळाने विचारतोच, ‘‘चित्र झक्कास आहे, पण ह्यात माणूस कुठाय?’’

माणूस नाही, कारण तो नंतर येणार होता. हाताने काढलेल्या ॲनिमेशनपटात हलणारी पात्रं पारदर्शक प्लास्टिकवर, म्हणजे सेलवर, रंगवायचे आणि त्याच्याखाली कागदावर रंगवलेली जागा ठेवून वरून कॅमेरा लावायचे. सेकंदाला २४ फ्रेम. वरचे सेल भराभर बदलत जायचे, खालची जागा त्या शॉटभर तीच राहायची. ती जागा म्हणजे बॅकग्राउंड. पडद्यावर ती चार-पाच सेकंद दिसते आणि आपलं लक्ष सगळं पात्राकडे असतं. रंगवणाऱ्याचे मात्र त्यावर दिवस गेलेले असतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले ते याच गावात. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. नट येऊन उभा राहील एवढी जागा सोडून बाकीचं सगळं भरायचं. पुढे त्याच बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. बॅकग्राउंड रंगवणारा हा त्या पडदेवाल्यांचाच भाऊबंद समजा, फक्त त्याचा पडदा टेबलावर मावतो.

अशा बॅकग्राउंडचं लिमिटेड प्रिंट, म्हणजे ठरावीकच प्रती छापून त्यांवर नंबर घातलेलं प्रिंट, घेण्याबद्दल मला विचारायला येणारे बहुतेक जण किमतीपासून सुरू होतात आणि लगेच नंबरावर येतात: ‘‘शंभरातला सातवा मिळतोय, घेऊ का?’’ माझा क्रम वेगळा आहे. आधी चित्र, मग कागद, नंबर सगळ्यात शेवटी. आणि या सगळ्यांच्या वर कोल्हापूरचा पाऊस, ज्याचा विचार चित्र घेण्याआधीच करायचा असतो.

आपण नक्की काय विकत घेतोय?

मूळ बॅकग्राउंड ही एकच असते. बहुतेक वेळा पोस्टर कलर किंवा गवाशमध्ये (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग), कागदावर. जपानी स्टुडिओंत पोस्टर कलरचीच परंपरा आहे. आपण इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बाटल्या घेऊन बसायचो त्याच जातीचा रंग, फक्त हात वेगळे. आकार ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. ॲनिमेशनचा नेहमीचा कागद साधारण १०.५ × १२.५ इंचांचा. कॅमेरा बाजूला सरकत जाणार असेल तर लांब पट्टी असते, पण उंची तेवढीच. म्हणजे भिंतीवर दोन फुटांचं प्रिंट लावलं तर आपण मूळ चित्र दुपटीने मोठं करून बघत असतो. ब्रशचे फटकारेही दुप्पट होतात. काही चित्रांना हे मानवतं, काहींचा बाज जातो. म्हणून मूळ माप विचारा आणि त्याच्या जवळपासचं प्रिंट मिळत असेल तर ते घ्या. छोटं दिसेल, पण चित्रकाराने ज्या अंतरावरून बघितलं त्याच अंतरावरून तुम्ही बघाल.

बाजारात ‘सेल सेट-अप’ म्हणूनही वस्तू असतात: वर पात्राचा सेल, मागे बॅकग्राउंड. इथे गल्लत होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डिस्नेच्या स्टुडिओने सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीमार्फत सेल विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ सेलमागे खास विक्रीसाठी नव्याने केलेली बॅकग्राउंड लावलेली होती. वस्तू अस्सलच, पण मागचं चित्र त्या शॉटमधलं नव्हे. त्यामुळे ‘ओरिजिनल विथ बॅकग्राउंड’ असं कुणी म्हणालं की कुठली बॅकग्राउंड, हा प्रश्न पहिला.

आपला विषय प्रिंटचा. त्यात तीन जाती ओळखता आल्या की पुरे. ऑफसेट, म्हणजे लग्नपत्रिका आणि कॅलेंडर छापतात ते. स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून एकेक रंग ओढून काढलेलं. आणि पिगमेंट शाईचं, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचं, इंकजेट, ज्याला विकणारे ‘जिक्ले’ म्हणतात. हा शब्द जॅक ड्युगन या अमेरिकी प्रिंटमेकरने १९९१ मध्ये फ्रेंचमधल्या ‘फवारणे’ या क्रियापदावरून बनवला. नुसतं इंकजेट म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर डोळ्यांसमोर येतो ना! शब्द भारदस्त असला तरी तो दर्जाची हमी देत नाही. स्वस्त कागदावर साध्या शाईने काढलेल्यालाही कुणीही जिक्ले म्हणू शकतं.

डोळा तयार करा, खर्च शून्य

पहिले दोन-तीन महिने काही घेऊ नका. आवडता सिनेमा लावा आणि पात्र चौकटीतून बाहेर गेलं की थांबवा. रिकामी चौकट दोन मिनिटं बघा. कंटाळा आला नाही तर ती भिंतीवर टिकेल. माझी कसोटी एवढीच आहे आणि तिने मला बऱ्याच खर्चातून वाचवलंय.

तीन चित्रकारांची कामं शेजारी शेजारी ठेवून बघा. टायरस वाँग हे ‘बँबी’च्या (१९४२) जंगलामागचे चित्रकार. चीनमध्ये जन्मलेले, २०१६ मध्ये १०६ व्या वर्षी गेले. त्यांनी पानन् पान मोजत बसणं सोडून दिलं. धुकं, थोडा उजेड, दोन बुंधे, आणि बाकीचं जंगल बघणाऱ्याने मनात उभं करायचं. आयव्हिंड अर्ल यांचं ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) बरोबर उलट. जवळच्या गवतापासून लांबच्या टेकडीपर्यंत सगळं सारखंच रेखीव, झाडं काटकोनात कापल्यासारखी. पात्रं काढणाऱ्यांची तक्रार होती की मागचं चित्रच सगळी नजर ओढून घेतं. सिनेमात तो दोष असेलही, भिंतीवर मात्र तोच गुण ठरतो. तिसरे काझुओ ओगा, ‘माय नेबर तोतोरो’चे (१९८८) कलादिग्दर्शक. त्यांच्या हिरव्यात किती हिरवे आहेत ते मोजायला बसा. बांधावरचं गवत, त्यामागचं भात, त्यामागची झाडी, आणि वर पांढऱ्या ढगांचे ढीग. श्रावणात पन्हाळ्याच्या रस्त्याला वळणावर गाडी थांबवून खाली बघितलं की मला ते ढग आठवतात.

आणि हे करताना आपल्या गावातलं सोडू नका. टाउन हॉल म्युझियममध्ये जा, तिथे जुन्या कोल्हापुरी चित्रकारांची कामं आहेत. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ त्यांनी वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवला. पाण्यावर प्रकाश कसा पडतो हे त्यांच्या कामात बघितलं की बॅकग्राउंडमधला खरा प्रकाश आणि नुसता पिवळा रंग यांतला फरक कळायला लागतो. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालयही बघण्यासारखं आहे. पडद्यावरचा हा नट पावडर शेडिंगने निसर्ग काढायचा. जाताना दोन्हीकडे वेळ आणि सुट्टी विचारून जा.

कागद आणि शाई : गुजरीतलं भिंग

आता हत्यार. गुजरीत सराफ डोळ्याला लावतात ते दहापटीचं भिंग घ्या. इचलकरंजीला कुणी पाहुणे मागवाले असतील तर त्यांच्याकडे कापडातले धागे मोजायचं पिक ग्लास असतं, तेही चालतं.

पहिला प्रयोग घरातल्या कॅलेंडरवर करा. देवीच्या गालावर भिंग ठेवा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतील, आणि ते वाट्टेल तसे नाहीत, छोट्या फुलांसारखे गोलाकार बसलेले. हे ऑफसेट. आता एखादं चांगलं पिगमेंट प्रिंट बघा. तिथे फुलं नाहीत, अगदी बारीक फवारा आहे, एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारा. स्क्रीन प्रिंटमध्ये बहुधा ठिपकेच नसतात. रंगाचा सपाट थर असतो, कडेला थोडा उठून आलेला, तिरपं धरलं की उजेडात कळणारा. तिन्ही एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाही. कुणी हजारो रुपये सांगून ‘म्युझियम क्वालिटी’ म्हणतोय आणि भिंगाखाली फुलं दिसतायत, तर तो पोस्टर आहे. पोस्टर घेण्यात कमीपणा काहीच नाही, माझ्याकडेही आहेत. फक्त पोस्टरचे पैसे द्या.

कागद शंभर टक्के कापसाचा असेल तर उत्तम. त्याला कॉटन रॅग म्हणतात. जाडी साधारण ३०० ग्रॅमच्या घरातली. जर्मनीची हानेम्यूले ही गिरणी १५८४ पासून कागद करते, तिचा फोटो रॅग या कामात फार चालतो आणि विकणारे नाव आवर्जून सांगतात. जो विकणारा कागदाचं नाव, वजन आणि शाई पिगमेंटची की डायची (विरघळलेल्या रंगाची) हे सांगू शकत नाही, तिथे थांबा. डायची शाई सुरुवातीला जास्त चमकते, पण उन्हाने आणि दमट हवेने लवकर उडते.

अजून एक हाताशी असलेली युक्ती. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. अंधारात तो प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर मारा. कडा निळसर चमकली तर कागदाला पांढरा दाखवायला त्यात रसायन घातलंय. त्यावरून माल खोटा ठरत नाही, पण ते रसायन काही वर्षांत दमतं आणि पांढरा पिवळट होतो. मंद राहिली तर चांगलं.

ऑनलाइन घेताना भिंग लावता येत नाही, तिथे गणित लावा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं धरतात. सिनेमाचा फुल एचडी स्क्रीनशॉट १९२० पिक्सेल रुंद असतो. १९२० भागिले ३००, म्हणजे ६.४ इंच. पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं. फोर-केचा घेतला तरी १२.८ इंच. कुणी २४ इंचांचं ‘लिमिटेड’ प्रिंट विकतोय आणि त्याने ते फुल एचडी स्क्रीनशॉटवरून ताणलंय, तर इंचाला ८० पिक्सेलच पडतात. म्हणून विचारायचं: मूळ चित्र स्कॅन केलंय का, आणि कुणी? जवळून घेतलेला कोपऱ्याचा फोटो मागा. कागदाचा पोत, पेन्सिलच्या खुणा, रंगाचा थर दिसला पाहिजे. काही वेळा मूळ कागदाच्या कडेला शॉट नंबर आणि कॅमेऱ्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्या न कापता छापलेलं प्रिंट मिळालं तर मी तेच घेतो. घरचे म्हणतात घाण दिसतंय.

आता नंबर

खालच्या कडेला पेन्सिलने ७/१०० असं लिहिलेलं असतं. शंभर प्रतींतली सातवी, एवढाच अर्थ. कोरीव प्लेटवरून ठसे काढायचे तेव्हा प्लेट झिजायची, म्हणून आधीचे ठसे सरस. तिथे लहान नंबराला मोल होतं. इंकजेटमध्ये सातवी आणि सत्त्याण्णवावी एकसारखीच. लहान नंबरासाठी जास्त पैसे देऊ नका.

नंबराव्यतिरिक्त चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती असतात, त्यांवर ‘ए. पी.’ लिहितात. त्या साधारण एडिशनच्या, म्हणजे नंबर घातलेल्या एकूण प्रतींच्या, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायची रीत आहे. छापणाऱ्याची प्रत ‘पी. पी.’. आणि खरी मेख पुढे आहे: तेच चित्र दुसऱ्या मापात, दुसऱ्या कागदावर, नवीन एडिशन म्हणून पुन्हा काढलं जातं का? ‘शंभरच’ म्हणजे या मापाचे शंभर, की चित्राचे एकूण शंभर? विकणाऱ्याला मी एकाच मेसेजमध्ये विचारतो: सगळी मापं आणि ए. पी. धरून एकूण किती प्रती, पुढे अजून काढणार का, सही कुणाची, आणि हक्क कुणाचे.

हक्काचा मुद्दा नवखे सोडून देतात. स्टुडिओत नोकरी करून रंगवलेल्या चित्राचा कॉपीराइट बहुधा चित्रकाराकडे नसतो, कंपनीकडे असतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणाऱ्यालाच धरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून चित्रकाराची सही असूनही प्रिंट बिनपरवाना असू शकतं, आणि सही नसूनही ते रीतसर असू शकतं. कडेला किंवा प्रमाणपत्रावर कॉपीराइटची ओळ आणि निर्मात्याचं नाव शोधा. नुसतं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र कुणीही छापतं. आपल्या भाऊसिंगजी रोडला तासाभरात करून मिळेल.

आपल्या आज्यांच्या घरात रवी वर्म्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती होत्या. त्या किती हजार निघाल्या हे कुणी कधी विचारलं नाही आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. मर्यादित आवृत्ती म्हणजे छापणाऱ्याने दिलेला शब्द, की इथे मी थांबेन. शब्द देणाऱ्याचा पत्ता, आधीची कामं, आधी दिलेले शब्द बघूनच नंबराला किंमत द्या. पुढे दुप्पट भावाने विकू या हिशेबाने घेणार असाल तर हा नाद नको, त्यापेक्षा गुजरीतच जा.

मागवणं

परदेशातून येणाऱ्या प्रिंटवर कस्टम लागतं हे धरूनच चाला. ‘आर्ट आहे, सवलत मिळेल’ या भरवशावर राहू नका. कस्टमच्या वर्गीकरणात मूळ प्रिंट म्हणजे कलाकाराने हाताने केलेल्या प्लेटवरून थेट काढलेले ठसे; यांत्रिक किंवा फोटोच्या पद्धतीने काढलेले त्यात बसत नाहीत. त्यामुळे जिक्ले हे साध्या छापील चित्रांत जातं. कुरियरवाला ओळखपत्राची कागदपत्रं मागेल, ती आधीच तयार ठेवा, नाहीतर पार्सल अडकून पडतं. पावतीवर किंमत कमी लिहायला सांगू नका. वाटेत खराब झालं तर भरपाई त्या कमी किमतीवरच मिळेल.

जून ते सप्टेंबर मागवूच नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथले रस्ते कसे बंद पडले ते आपण बघितलंय, आणि साध्या पावसातही पार्सलचा खोका ओला व्हायला वेळ लागत नाही. दसऱ्यानंतर मागवा. नळीत गुंडाळून आलं तर नळी रुंद हवी. बारीक नळीत जाड कागदाला बाक येतो. आल्या आल्या ओढून काढू नका. रात्रभर नळी घरातच राहू दे, मग हात धुऊन, पुसून, स्वच्छ चादरीवर उघडा. बोटं कडेलाच. उलट्या बाजूने गुंडाळून सरळ करायचा मोह आवरा. सपाट ठेवून वर स्वच्छ कागद, त्यावर पुस्तकं, दोन दिवस.

फ्रेम : इथे बहुतेक प्रिंट मरतात

माझं पहिलं प्रिंट मी स्वतः मारलं. पैसे प्रिंटवर संपले होते, म्हणून फ्रेमवाल्याला म्हटलं, स्वस्तातली पट्टी, मागे हार्डबोर्ड, माउंट (चित्र आणि काच यांच्यातली पुठ्ठ्याची चौकट) नको, काचेला चिकटून बसव. भिंत निवडली पश्चिमेची, कारण तिथे खिळा होता. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात आभाळाच्या निळ्यात तपकिरी ठिपके आले आणि खालचा कोपरा पापडासारखा फुगला. सोडवायला घेऊन गेलो तर फ्रेमवाल्या काकांनी मागचे बारीक खिळे काढले, कागद जरा उचलून पाहिला आणि माझा हात धरला. ‘‘काचंला चिकटलंय, पाव्हणं. वढू नगासा, फाटंल.’’ मी ओढलं. ढगाचा निम्मा भाग अजून त्या काचेवर आहे. काच ठेवलीय मी, माळ्यावर.

तेव्हापासून फ्रेमवाल्याकडे पाठ केल्यासारखं सांगतो. प्रिंट आणि काच यांच्यात जागा हवी, म्हणून खिडकी कापलेला माउंट, तोही ॲसिड-फ्री. साधा माउंट बोर्ड काही वर्षांत कापलेल्या कडेने पिवळा पडतो आणि तो पिवळा प्रिंटवर उतरतो. गावात मिळत नसेल तर पुण्या-मुंबईहून मागवून स्वतः नेऊन द्या. दोन शीट पुष्कळ दिवस पुरतात. प्रिंटच्या थेट मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ नको, मध्ये ॲसिड-फ्री बोर्डाचा थर हवा. सेलोटेप नको, डबल टेप नको, फेव्हिकॉल तर नकोच. प्रिंट वरच्या कडेला दोनच ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लटकवायचं. खाली मोकळं सोडायचं, कारण पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजू डकवल्या की तो मधेच लाटा धरतो. हे येत नसेल तर चार कोपऱ्यांना फोटोच्या अल्बमसारखे कागदी कोपरे करून अडकवा. तेही चालतं, आणि पुढे सोडवायला सोपं जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘लॅमिनेशन’ला ठाम नकार द्या. आपल्याकडे फोटो एमडीएफवर चिकटवून वर प्लास्टिक मारून देतात, पाणी मारून पुसता येतं म्हणून लोकांना आवडतं. एकदा ते झालं की प्रिंट कधीच परत सुटत नाही. फ्रेमवाले काका चांगल्या मनाने सुचवतात, ‘‘शंभर वर्षं काय होत न्हाई बघा.’’ प्रिंट त्यांच्याकडे ठेवून येताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: लॅमिनेशन करू नये. मी लिहितो.

काचेऐवजी यूव्ही रोखणारं ॲक्रिलिक मिळालं तर घ्या, महाग पडतं पण हलकं असतं. त्याला कोरड्या फडक्याने घासू नका, ओरखडे येतात.

भिंत निवडताना हात लावून बघा. जुलैत गार आणि ओलसर लागते ती भिंत बाद. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत बाद, बाथरूमला लागून असलेली बाद. नदीकडच्या भागात राहत असाल तर तळमजलाही बाद. देवघराजवळ नको, उदबत्तीचा धूर वर्षभर बसतो. स्वयंपाकघराच्या तोंडावर नको, फोडणीचं तेल हवेतूनच पोचतं. खिडकीच्या समोर थेट ऊन येतं तिथे नको. कागदावरच्या कामांना संग्रहालयात साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. तुमची बैठकीची खोली तेवढी अंधारी नसणार, पण निदान ऊन तरी चुकवा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते आणि पालीला मात्र नवीन घर मिळतं, ते सहन करा.

श्रावण संपता संपता एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघायची. ओल, बुरशी, कसर. कसरीची खूण म्हणजे कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसणं. बुरशी दिसली तर फडक्याने पुसू नका, ती आत चोळली जाते. उतरवून कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा आणि वाळल्यावर मऊ ब्रशने, घराबाहेर, झटका.

पावती, प्रमाणपत्र आणि प्रिंटच्या मागच्या-पुढच्या बाजूचे फोटो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. प्रमाणपत्र फ्रेमच्या मागे चिकटवणारे भेटतात. ओल आली की दोन्ही एकदमच जातात.

पैसे नसतील तर

कला महाविद्यालयातली मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. दोन वाटा आहेत. एक, स्टुडिओंची कलापुस्तकं. एका प्रिंटच्या पैशात शे-दीडशे बॅकग्राउंड बघायला मिळतात. ती पानं कापून फ्रेम करू नका एवढीच विनंती.

दुसरी वाट मला जास्त आवडते: स्वतःची एडिशन काढा. दुसऱ्याच्या सिनेमाची नव्हे, तुमच्या गल्लीची. पहाटेचा गंगावेश, दुधाचे कॅन, एकही माणूस नाही. पोस्टर कलरमध्ये, साडेदहा बाय साडेबारात, पात्र येऊन उभं राहील एवढी जागा सोडून. चांगल्या स्कॅनरवर सहाशे डीपीआयने, म्हणजे इंचाला सहाशे पिक्सेलने, स्कॅन करून घ्या, पुण्या-मुंबईत पिगमेंट प्रिंट काढून देणाऱ्यांकडे फाइल पाठवा आणि आधी एक छोटा तुकडा मागवून मूळ चित्राशेजारी खिडकीच्या उजेडात धरून रंग जुळतात का बघा. हिरवे बहुतेक वेळा चुकतात. मग वीस काढा, वीसच. चाचणीचे तुकडे फाडून टाका. वहीत लिहा: तारीख, कागद, शाई, कुठला नंबर कुणाला दिला. नंबर आणि सही चित्राच्या खाली कोऱ्या कडेवर, साध्या पेन्सिलने. पेनची शाई पसरते आणि उडते. आणि पार्सल आल्यावर घाईने एकावर एक रचू नका. प्रत्येक दोन प्रतींमध्ये ॲसिड-फ्री बटर पेपर घाला, नाहीतर सातव्याचा काळा आठव्याच्या पाठीवर उतरतो.